मैदानावरचा पहिला नारळ

आमच्या गावाचं नाव चौक. भाईंदर स्टेशनाबाहेर नव्या रिक्षावाल्याला सांगितलं, की तो विचारतो, कौनसा चौक? मग त्याला सांगावं लागतं, उत्तनच्या बाजूला चल, समुद्र लागेपर्यंत थांबू नको. महापालिका झाली तेव्हा लोक म्हणाले, आता आपण शहरात आलो. मी सकाळी उठून बघितलं. समुद्र जिथल्या तिथे होता आणि नळाला पाणी होतं तेवढंच होतं.

विकासाच्या नावाने आमच्याकडे पहिली आली ती कमान. मागितलं होतं गटार. कमान छान झाली, दोन्ही बाजूंना मासे काढले, वर होडी काढली. फक्त तिच्याखालून बर्फाचा ट्रक जाईना. मग बाजूचं कुंपण मोडून रस्ता केला. आता माणसं, रिक्षा, ट्रक सगळे बाजूने जातात आणि कमानीखाली कुत्री झोपतात. पावसात त्यांची चांगली सोय होते.

गावात विकासाबद्दल दोन मतं आहेत. पुरुषांचं मत असं, की काहीतरी व्हायला पाहिजे. बायकांचं मत असं, की जे व्हायचं ते होऊ दे, पण मैदानावर नको. या दोन मतांची गाठ एकदा पडली, ती गोष्ट सांगते. फार जुनी नाही. त्यातली सगळी माणसं अजून गावात आहेत आणि त्यातली निम्मी माझ्याशी बोलत नाहीत.

मैदान म्हणजे किनाऱ्याची उघडी जमीन, जिथे आम्ही मासळी सुकवतो. जवळा आणि मांदेली जाळ्यावर पसरतात, पण बोंबील पसरून चालत नाही, त्याला टांगावं लागतं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. नवरा-बायकोसारखे लटकतात. सुटायला जातात तेवढे जास्त घट्ट होतात. दोरीसाठी बांबू रोवून मांडव घालतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. ऊन तर लागतंच, पण खरं काम वारा करतो. वारा लागला तर बोंबील कडक होतो, नाही लागला तर पिवळा पडतो आणि वास मारतो.

आता हे कशासाठी सांगते? ओला बोंबील संध्याकाळपर्यंत टिकत नाही. व्यापाऱ्याला ते माहीत असतं. तो बंदरावर चहा पीत बसतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या. सुका बोंबील घरात असला, की तोच व्यापारी आपल्या दारात उभा राहतो आणि चहा आपण पितो. आमच्या गावात बायकांचा शब्द चालतो असं लोक म्हणतात. तो शब्द काही बायकांच्या तोंडातून येत नाही, त्या मैदानातून येतो. मैदान गेलं की आम्ही परत बंदरावर उभ्या. माझी सून तर सरळ म्हणाली होती, मैदान गेलं तर मी मीरा रोडला एखाद्या बिल्डिंगीत स्वयंपाकाला लागेन. चार घरचं करेन, पण व्यापाऱ्यापुढे हात जोडणार नाही.

मैदानावरची जागा कागदावर कोणाच्याच नावाची नाही. पण प्रत्येकीची जागा ठरलेली आहे आणि ती सासूकडून सुनेकडे जाते. पावसात सगळे बांबू काढून घरी नेतात, नाहीतर वादळ घेऊन जातं. पाऊस सरला, घट बसले, की त्या दिवशी बायका मैदानावर येतात. आपल्या जागेवर नारळ फोडायचा आणि काठी रोवायची. देवळात जाणारी असो नाहीतर चर्चमध्ये जाणारी असो, नारळ सगळ्याच फोडतात. ज्या जागेवर जिचा नारळ फुटला, ती जागा पुढच्या पावसापर्यंत तिची. त्यातही पहिला नारळ मोठा. तो फुटेपर्यंत कोणीही काठी रोवायची नाही. तो फुटला की मैदान उघडलं. मग कोणाच्या बापाची ताकद नाही काठीला हात लावायची. पुरुष या भानगडीत नसतात. ते बांबू उचलून आणतात, टाकतात आणि चहाच्या टपरीवर जातात. त्यांना विचारलं, की मैदानावर काय चालतं, तर म्हणतील, भांडण चालतं. तेही खोटं नाही.

पहिला नारळ फोडायचा मान माझ्या शेजारणीचा. शेजारीण म्हणजे घराची नाही, मैदानावरची. तिची जागा सगळ्यात पुढे, समुद्राच्या तोंडावर. माझी बरोबर तिच्या मागे. समुद्राचा वारा आधी तिच्या बोंबलांना लागायचा आणि त्यांचं झाल्यावर उरलेला माझ्याकडे यायचा. तिचा माल आधी सुकायचा, आधी विकला जायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिचा उष्टा वारा खाल्ला. तोंडाने आम्ही एकमेकींना बाय म्हणायचो, हळदीला एकमेकींच्या घरी जायचो. पण तिच्या वलांडीची एक काठी पडली तर मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

तिचा थोरला मुलगा हुशार निघाला. म्हणजे मासेमारीत नाही गेला. हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत गाळा घेतला, तिथे काहीतरी प्लास्टिकचं बनवतो. मीरा रोडला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याची मुलं आजीकडे आली की नाकाला रुमाल लावतात. मग त्याला गावाची सेवा करावीशी वाटायला लागली. निवडणूक कधी लागणार हे कोणाला माहीत नव्हतं, पण याचे बॅनर लागले होते. गणपतीच्या शुभेच्छा, ईदच्या शुभेच्छा, नाताळच्या शुभेच्छा, दहावीच्या मुलांना शुभेच्छा. फोटोत हात जोडलेले. प्रत्यक्षात मी त्याला हात जोडताना एकदाच बघितलंय, तो लहानपणी माझे सुके बोंबील चोरताना सापडला होता तेव्हा.

तर या थोरल्याने मैदानाचा विकास आणला. गावात सभा घेतली. पुरुष खुर्च्यांवर, बायका शाळेच्या पायऱ्यांवर. मोठ्या पुठ्ठ्यावर चित्र आणलं होतं. चित्रात आमचं मैदान होतं, पण मला ओळखू आलं नाही. हिरवंगार गवत, रंगीत फरशी, समुद्राकडे तोंड करून बाक, मध्ये हृदयाच्या आकाराचं काहीतरी, ज्यात उभं राहून फोटो काढायचा. बाकांवर गोरी माणसं बसली होती. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. आमच्यापैकी कोणी त्या चित्रात नव्हतं आणि एकही बोंबील नव्हता.

पुरुष खूश झाले. कोणी म्हणाला, रविवारी गाड्या येतील. कोणी म्हणाला, आपली पोरं स्टॉल टाकतील, भजी विकतील. एक म्हातारा म्हणाला, मला बसायला बाक पाहिजेच होता. त्याला मी आयुष्यभर बसलेलाच बघितलाय. तो बाकाशिवाय उत्तम बसतो.

पायऱ्यांवरून एकीने विचारलं, मासळी कुठे सुकवायची? थोरला हसला. म्हणाला, त्याचंपण प्लॅनिंग चालूय, डोंगराच्या मागे जागा बघतोय, फेज टूमध्ये घेऊ. फेज टू म्हणजे काय ते मला कमानीपासून माहीत आहे. कमानीच्या फेज टूमध्ये गटार होतं. आणि डोंगराच्या मागे वारा नाही, हे त्याला त्याच्या आईने सांगितलं नव्हतं की त्याने ऐकलं नव्हतं, देव जाणे. शेवटी तो म्हणाला, घट बसायच्या दिवशी भूमिपूजन आहे, ठाण्याहून मोठे साहेब येणार आहेत, तेव्हा यंदा बायकांनी काठ्या रोवू नयेत.

हे ऐकून पायऱ्यांवरच्या बायका एकेक करून पदर झटकत उठल्या.

सभा संपल्यावर आम्ही सगळ्या शेजारणीच्या घरी गेलो. पोरगा तिचा, तिनेच त्याला सांगावं. ती तांदूळ निवडत बसली होती. वर बघितलंच नाही. म्हणाली, लग्न झाल्यापासून तो माझं ऐकत न्हाय, तुम्ही काय नवीन सांगताव? मी म्हणाले, तुझी पण जागा जाते ना? तर म्हणाली, माझं आता वय झालं, पोरगा नगरसेवक होतोय, मी काय जन्मभर बोंबील टांगू? असं म्हणाली, पण तांदळातले खडे टाकायचे तर ती तांदूळच टाकत होती. मी बघितलं.

बाकीच्या बायका रस्त्यात चिडल्या. कोणी म्हणाली, मोर्चा काढू. कोणी म्हणाली, पालिकेत जाऊ. मोर्चे मी दोन-तीन बघितलेत. आपण उन्हात उभ्या राहतो, आतला साहेब निवेदन घेतो, फोटो निघतो आणि घरी आल्यावर नवरा विचारतो, जेवण कुठे हाय? मी म्हणाले, थांबा जरा. त्यांना वाटलं, म्हातारी घाबरली. माझी सून माझ्याशी दोन दिवस फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलली.

मग थोरला स्वतः माझ्या घरी आला. बरोबर दोघं होते, एकाच्या हातात मिठाईचा पुडा, दुसऱ्याच्या हातात मोबाईल. थोरला माझ्या खाटेवर बसला. म्हणाला, मावशी, तू मैदानावरच्या जुन्या बायकांतली. बायका तुझं ऐकतात. भूमिपूजनाचा नारळ तू फोड, म्हणजे लोकांना दिसेल की बायकांचापण सपोर्ट हाय.

मी म्हणाले, तुझ्या आईला का सांगत न्हाय?

"आईला सांगितलं तर लोक बोलतात ना, घरचाच कार्यक्रम केला. तू बाहेरची हायस, तू बरी दिसशील."

आत सुनेने एक पातेलं खाली टाकलं. मी जरा विचार केल्यासारखं केलं. मिठाई कसली आहे ते बघितलं, काजूची होती. मग त्याला विचारलं, स्टेज कुठे बांधणार? तो म्हणाला, एकदम पुढे, समुद्राच्या बाजूला, मागे सूर्य येईल, फोटो भारी येतो. म्हणजे बरोबर त्याच्या आईच्या जागेवर. त्याला ते माहीतच नव्हतं. हुशार मुलगा. आयुष्यभर त्या जागेवरचे बोंबील खाल्ले, जागा कधी बघितली नाही.

मी म्हणाले, येते. फक्त आधी कोणाला सांगू नको, मला नजर लागते बाबा लोकांची. ऐनवेळी बोलव. तर तो साथीदारांकडे बघून म्हणाला, बघा, किती साधी माणसं हायेत आपली.

तो गेल्यावर सून बाहेर आली. म्हणाली, काजूकतलीसाठी मैदान विकलंत. मी तिला म्हटलं, पुडा उघड आणि घट बसायच्या दिवशी सकाळी आपले बांबू घरामागे भिंतीला लावून ठेव. दोरीपण भिजवून ठेव. शिकलेली आहे, लवकर समजतं तिला. तिने पुडा उघडला आणि मला न विचारता पहिली वडी स्वतः खाल्ली. मग ती पाणी भरायला गेली. परत आली तेव्हा पाणी कमी भरून आणि निरोप जास्त पोचवून आली होती.

मी काही ठरवून केलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही तेच सांगते.

घट बसायच्या दिवशी मैदानावर मांडव पडला. लाल गालिचा टाकला होता वाळूवर, त्यावर चालताना खेकड्याच्या बिळात पाय जात होता. ठाण्याचे मोठे साहेब उशिरा आले. पहिल्या रांगेत आमची शेजारीण बसली होती, नवीन साडी, डोक्यात गजरा, बाजूला सुनबाई रुमाल घेऊन. मी शेवटच्या रांगेत. बायका भरपूर आल्या होत्या. थोरल्याने माईकवरून त्यांचे आभार मानले, की एवढ्या मोठ्या संख्येने महिलावर्ग उपस्थित आहे. महिलावर्ग सारखा घरांच्या मागे बघत होता, जिथे बांबू होते.

मग तो म्हणाला, आता श्रीफळ वाढवून शुभारंभ करतील आपल्या गावच्या ज्येष्ठ, आदरणीय, आपल्या सर्वांच्या मावशी. घरी मला तू म्हणणारा, माईक हातात आला की तुम्ही म्हणायला लागतो. माईकचा गुण असावा.

मी उठले आणि पुढे गेले. शेजारणीच्या समोरून गेले. तिने मान वर केली. आधी तिच्या तोंडावर काही नव्हतं. मग तिने माझ्या हातातला नारळ बघितला, मग मी कुठे चालले ते बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. स्टेज कुठे आहे, आज दिवस कोणता आहे, आणि मैदानावर अजून कोणाचाही नारळ फुटलेला नाही. हे सगळं तिच्या तोंडावर एकापाठोपाठ एक आलं. मला ते बघायला फार बरं वाटलं. ती निम्मी उठली. पण पोराचा कार्यक्रम, पाहुणे समोर, कॅमेरा चालू. परत बसली.

त्यांनी माझ्यासाठी फरशीचा एक तुकडा ठेवला होता, त्यावर फोडा म्हणाले. मी म्हणाले, आम्ही जमिनीवर दगड ठेवून फोडतो, आमची पद्धत तशी. मोठे साहेब म्हणाले, पद्धत जपली पाहिजे. मी पुढे जाऊन, बरोबर तिची पहिली काठी जिथे रोवली जाते तिथे, दगड ठेवला आणि नारळ हाणला. एका घावात दोन तुकडे. टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनीपण वाजवल्या. फोटो निघाले. मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. मी फोटोत सहसा हसत नाही.

मग मी मागे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, उघडलं गो.

एवढंच. पहिल्या नारळानंतर दरवर्षी हेच म्हणतात.

बायका उठल्या. आवाज नाही, धावपळ नाही. जसं काही कार्यक्रम संपला. थोरला माईकवर बोलत होता, स्मार्ट सिटी, पर्यटन, रोजगार. त्याच्या मागून बायका घरांकडे जायला लागल्या. त्याला वाटलं, चहाला चालल्या. तो म्हणाला, माताभगिनींनी बसून घ्यावं, नाश्त्याची सोय केलेली आहे. मग पहिली बाई खांद्यावर बांबू घेऊन आली. मग दुसरी. मग माझी सून, चार बांबू एकटीने ओढत, पदर खोचलेला. प्रत्येकीच्या हातात नारळ. मैदानावर इथे खाड, तिथे खाड, नारळ फुटायला लागले. मोठ्या साहेबांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते थोरल्याला म्हणाले, व्वा, लोकसहभाग चांगला आहे. हे मी स्वतः ऐकलं, मी स्टेजच्या पायरीशीच उभी होते, माझी काठी रोवायला जागा मोजत.

थोरला माईक सोडून खाली आला. माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाला, मावशी, हे काय चाललंय?

मी म्हणाले, तूच तर बोलवलंस नारळ फोडायला. पहिला नारळ फुटला की काठ्या रोवतात. तुझ्या आईला विचार.

त्याने आईकडे बघितलं. खरं सांगते, तो एक क्षण होता जेव्हा सगळं उलटं होऊ शकलं असतं. ती जर उभी राहून म्हणाली असती, की नाही, हा नारळ भूमिपूजनाचा, मैदानाचा नाही, तर निम्म्या बायका थांबल्या असत्या. तिचा शब्द मैदानावर माझ्यापेक्षा मोठा होता, पहिल्या जागेवालीचा शब्द. पोरगा तिच्याकडे बघत होता. तिची सून तिचा हात धरून बसली होती. नातवंडं होती. आणि समोर मी, तिच्या जागेवर बांबू घेऊन उभी.

ती उठली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती स्टेजवर चढली. तिथे टेबलावर मोठ्या साहेबांच्या सत्काराचं तबक होतं, शाल, गुच्छ आणि श्रीफळ. तिने शाल बाजूला केली आणि नारळ उचलला. कोणीतरी म्हणालं, आजी, तो साहेबांचा हाय. तिने ऐकलं नाही. खाली उतरली, माझ्याजवळ आली, कोपराने मला बाजूला सारलं, आणि माझ्या दगडावर तो साहेबांचा नारळ फोडला. पाणी माझ्या साडीवर उडालं.

"माझ्या जाग्यावर कोन काठी लावतो तेच बघते," ती म्हणाली. मग पोराकडे वळली. "उभा काय ऱ्हायलास? घरामागं बांबू हायेत, आन."

आणि तो गेला. ठाण्याच्या पाहुण्यांसमोर, पांढऱ्या कपड्यात, बांबू आणायला. लहानपणी कधी आणले नव्हते त्याने. दोन बांबूंमध्येच घामाने शर्ट चिकटला.

मोठ्या साहेबांचा सत्कार नुसत्या शालीवर झाला.

पुढच्या आठवड्यात रंगीत फरशीचा ट्रक आला. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा, त्याला मैदानाचं काही घेणं-देणं नव्हतं. पण मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील लटकत होते. तो म्हणाला, अम्मा, माल कहाँ उतारूँ? मी म्हणाले, हमको क्या मालूम, जिसका है उसको पूछो. त्याने थोरल्याला फोन लावला. थोरल्याने म्हटलं असणार, की तिथल्या बायकांना काठ्या काढायला सांग. ड्रायव्हरने पहिल्या रांगेतल्या बाईला फोन दिला. पहिल्या रांगेतली बाई म्हणजे त्याची आई. ती फोनवर काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण ती मुद्दाम पाठ करून बोलली. पण ट्रक वळला.

फरशी शेवटी लागली, ती बस स्टॉपपासून मैदानाच्या कडेपर्यंत. पावसात चिखल होत नाही, टोपली घेऊन चालताना बरं पडतं. ते मी मानते. तीन बाकसुद्धा बसवले, समुद्राकडे तोंड करून. तो बसणारा म्हातारा पहिल्याच दिवशी बसला आणि वारा फिरल्यावर उठला. आमच्या मालाचा वास सरळ त्याच्या नाकात जात होता. आता बाकांवर आम्ही जाळी वाळत घालतो. हृदयाच्या आकाराचं ते काहीतरी आलंच नाही. फेज टूमध्ये गेलं म्हणतात.

आणि एक नवा बॅनर लागला. त्यावर मी नारळ फोडतानाचा फोटो, मागे वलांड्या, बाजूला थोरला हात जोडून. वर लिहिलंय, महिलांसाठी मासळी सुकवण्याच्या मैदानाचा विकास, करून दाखवला. माझ्या सुनेला राग आला. म्हणाली, ज्याने मैदान घालवायला काढलं तोच श्रेय घेतो. गावातल्या बायकांचंही तेच म्हणणं, बॅनर फाडू. मी म्हणाले, अजिबात फाडू नका, उलट दोऱ्या घट्ट बांधा. त्याने गावभर लिहून ठेवलंय, की हे बायकांचं मासळीचं मैदान आहे. आम्ही पालिकेत जन्मभर फेऱ्या मारल्या असत्या तरी एवढ्या मोठ्या अक्षरात कोणी लिहून दिलं नसतं. त्याला नाव पाहिजे होतं, त्याने नाव घेतलं. आम्हाला जागा पाहिजे होती. सत्तेतल्या माणसाला हरण्याची सवय नसते, म्हणून त्याला हरवून वर जिंकल्यासारखं वाटू द्यावं लागतं. नवऱ्यावर हाच प्रयोग मी आधी करून बघितला होता.

राहिला प्रश्न पहिल्या जागेचा. एका दगडावर दोन नारळ फुटले, एक माझा, एक तिचा. माझा आधी फुटला हे फोटोत आहे. तिचं म्हणणं, तुझा नारळ भूमिपूजनाचा, म्हणून मैदान उघडलं हे खरं, पण जागा लागू होत नाही. मी म्हणाले, मग तुझा नारळ साहेबांच्या सत्काराचा, तू साहेबांची जागा धर. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी बसून निकाल दिला, की यंदा पुढची जागा अर्धी-अर्धी. एक दोरी, एका टोकाला तिचे बोंबील, एका टोकाला माझे. मधे लाल चिंधी बांधली. त्या चिंधीवरून आम्ही रोज भांडतो. ती सकाळी लवकर येते आणि चिंधी माझ्या बाजूला सरकवते. मी दुपारी ती झोपली की परत सरकवते. पण वारा आता मला ताजा मिळतो. माझे बोंबील पांढरे स्वच्छ सुकतात. व्यापारी दारात उभा राहिला की मी त्याला जरा जास्तच वेळ उभा ठेवते.

निवडणुकीचं वारं आलं तेव्हा ती एका दुपारी मैदानावर माझ्याकडे आली. चहाचा थर्मास घेऊन आली, यावरूनच मी ओळखलं. आम्ही दोघी वाळूवर बसलो. थोडा वेळ सुनांची निंदा केली. मग ती म्हणाली, पोरगा उभा ऱ्हातोय. बाकीच्या बायका माझं ऐकतील, पण तू काय करशील ते कळत न्हाय. तुझी मतं, तुझ्या पोराची, सुनेची. त्याच्यावर राग धरू नको बाय, तो वाईट न्हाय, नुसता मूर्ख हाय.

मी चहा प्याले. मूर्ख माणसाला मत द्यायला मला काही अडचण नसते, दुसरे कोण असतात? मी म्हणाले, देते मत. तिन्ही देते. सुनेच्या माहेरची पण मिळवून देते. फक्त ती चिंधी तुझ्या बाजूला एक हात सरकव. कायमची.

तिने दोरीकडे बघितलं. मग लांब बॅनरकडे, जिथे तिचा पोरगा हात जोडून उभा होता. परत दोरीकडे. वारा चांगला सुटला होता, बोंबील एकमेकांना धरून हलत होते. मला वाटतं, तिने मनातल्या मनात सगळ्या गावाची मतं मोजून बघितली.

मग तिने माझ्या हातातला कप काढून घेतला, उरलेला चहा वाळूवर ओतला आणि थर्मासचं झाकण लावलं.

"तुझी मतं तुझ्याकडंच ठेव," ती म्हणाली. "निवडनूक काय, परत येल."